कंट्रोल गटाच्या अध्यक्षा

माणसाचं मन मोजायचं असेल तर आधी त्याच्या दारात उभं राहून ‘ओडी’ म्हणावं लागतं. आणि एकदा ‘ओडी’ म्हटलं की आतून ‘या, या’ येतं, चटई येते, मुलाबाळांची चौकशी येते, उकडलेली रताळी येतात, आणि मन मोजायचं तेवढं राहून जातं. हे दोरिका मक्विंजाच्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्या पुस्तकातली माणसं दार उघडत, प्रश्नांची उत्तरं देत आणि दार लावून घेत. ती कुठल्या देशात राहत असत, देव जाणे.

दोरिका तेव्हा एकावन्न वर्षांची होती. सगळा जन्म प्राथमिक शाळेत गेलेला. त्या वर्षी सरकारच्या मनात काय आलं कोण जाणे, जुन्या शिक्षकांना पगारी रजा देऊन पदवी घ्यायला पाठवायचं ठरलं, आणि झोम्बा शहरातल्या कॉलेजात विशीतल्या पोरापोरींच्या शेजारी दोरिका मानसशास्त्र शिकायला जाऊन बसली. पेपर सगळे सुटले होते. राहिला होता शेवटचा प्रकल्प. तो जूनअखेर पास झाला तर डोंगराखालच्या नव्या शाळेची मुख्याध्यापिका. नाही झाला तर पुन्हा तिसरी ‘ब’, आणि ती खुर्ची तिच्या शाळेतल्या मिस्टर न्खोमांना. या न्खोमांनी निरोपसमारंभात सगळ्यांसमोर तिचा हात हलवत म्हटलं होतं, “मॅडम, तुमचा वर्ग कुणाला देत नाही. परत आलात की तयारच!” त्या वाक्यातलं प्रेम दोरिका वर्षभर शोधत होती, तिला ते सापडलं नव्हतं.

प्रकल्पाचे मार्गदर्शक होते डॉक्टर ग्रेशम न्यिरोंगो. वय बत्तीस, चष्मा परदेशी, पेन लाल. दोरिकाला या माणसाबद्दल आदर वाटायला थोडा त्रास होई, कारण हाच ग्रेशम तिच्या वर्गात सातच्या पाढ्याशी येऊन अडला होता आणि तिने त्याला एक अख्खा मंगळवार खिडकीशी उभं केलं होतं. त्यालाही ते आठवत असावं. तो तिला ‘मॅडम’ म्हणे, ती त्याला ‘डॉक्टर’ म्हणे, आणि दोघंही एकमेकांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत.

विषय तिने स्वतः निवडला होता. गावातल्या एकट्या राहणाऱ्या विधवा आजीबाईंना आठवड्यातून एकदा एकत्र बसवून गोष्टी ऐकवल्या, तर त्यांचा एकटेपणा कमी होतो का?

“होतो,” तिचे यजमान म्हणाले. बाम्बो, म्हणजे श्रीयुत, मक्विंजा पोस्टातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून त्यांना सगळ्याच गोष्टींची उत्तरं येत होती. “झालं संशोधन. उद्या नेऊन दे.”

“असं नसतं हो ते. सिद्ध करावं लागतं.”

“कुणापुढे?”

“ज्यांचा विश्वास नाही त्यांच्यापुढे.”

“माझा आहे की विश्वास! म्हणजे एक माणूस कमी झाला.”

न्यिरोंगोंनी तिला समजावलं होतं ते असं. वीस आजीबाई घ्यायच्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा, नशिबाने, त्यांचे दोन गट करायचे. एका गटाला गोष्टी ऐकवायच्या. दुसरा कंट्रोल गट. त्याला काहीही द्यायचं नाही, नुसतं असू द्यायचं. सुरुवातीला दोघांचा एकटेपणा मोजायचा, शेवटी पुन्हा मोजायचा. गोष्टीवाल्यांचा घटला आणि कंट्रोलवाल्यांचा तसाच राहिला, तर घटला तो गोष्टींमुळे. “सगळी मदार कंट्रोल गटावर आहे, मॅडम,” ते म्हणाले होते. “त्यांच्या आयुष्यात काही म्हणजे काही व्हायला नको.” दोरिकाने मान हलवली होती. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या आयुष्यात काही होत नाही, याबद्दल तिची खात्री होती.

आधी परवानगी. जिल्हा कचेरीतला कारकून सभ्य होता. त्याने अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

“रोग कुठला?”

“रोग नाही. एकटेपणा.”

“बरं. रक्त किती जणांचं काढणार?”

“कुणाचंच नाही.”

“लघवी?”

“अहो, नाही. मी फक्त प्रश्न विचारणार.”

कारकुनाने पेन खाली ठेवलं. “मायी, आमच्याकडे संशोधनाचा शिक्का आहे तो आरोग्य खात्याचा. माणसांबद्दलचा. एक शिक्का आहे गुरांचा. नुसत्या प्रश्नांना शिक्का नाही.”

“मग आरोग्याचा मारा.”

“रक्ताशिवाय कसा मारू?”

शेवटी दोरिकाने अर्जात ‘गरज पडल्यास बोट टोचण्यात येईल’ असं एक वाक्य घातलं, तेव्हा कुठे शिक्का पडला. गरज पडली नाही. पण पुढचे दोन महिने ती गावात शिरली की शहाणी पोरं हात पाठीमागे लपवत.

गावाचे मुखिया मकोंजा यांच्याकडे वेगळीच अडचण निघाली. त्यांनी तिला झाडाखाली खुर्ची दिली, स्वतः खुर्चीत बसले आणि सगळं ऐकून घेतलं. नशिबाने निवडायच्या म्हटल्यावर मात्र त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“टीचर, तुम्ही कॉलेजच्या कामासाठी माझ्या गावात आलात. माझ्या गावातल्या वीस बायका कॉलेजच्या पुस्तकात जाणार. आणि तुम्ही म्हणता, कुणीही चालेल?”

“कुणीही चालेल असं नाही. कुणालाही समान संधी...”

“म्हणजे कुणीही. पाहुण्याला कोंबडी द्यायची झाली तर मी अंगणात डोळे मिटून हात घालत नाही. मी निवडून देतो. चांगल्या बोलणाऱ्या, स्वच्छ, दात असलेल्या.”

“मला बिनदाताच्याही हव्यात, मुखियाजी. निवडल्या तर गावाचं खरं चित्र मिळणार नाही.”

“खरं चित्र कशाला हवंय?” मुखिया खरोखरच दुखावले. “चांगलं काढा की!”

या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात होतं. दोरिकाला ते इंग्रजीत पाठही होतं, पण आंब्याच्या झाडाखाली ते काही सांगता येईना. अखेर मुखियांची मावशी, बिनदाताची, यादीत धरायची या बोलीवर तंटा मिटला.

मोजमापाचा घोटाळा त्याहून मोठा. आजीबाईंना “तुम्हाला एकटं वाटतं का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी?” असं विचारलं की त्या म्हणत, “देवाची कृपा आहे, बाळा. तुझं कसं?” तेव्हा दोरिकाने युक्ती काढली. प्रत्येकीपुढे पाच शेंगदाणे ठेवायचे. जितकं एकटं वाटतं तितके शेंगदाणे टोपलीत टाकायचे. नुसतेच एक आणि पाच असले की अवघड जातं, शेंगदाणे दिसतात, हातात येतात. तिला स्वतःचं कौतुक वाटलं. पहिल्या पाच आजीबाईंनी विचार केला, टोपलीत दोन-तीन टाकले, आणि उरलेले खाऊन टाकले. सहावीने टोपलीतलेही खाल्ले.

“मॅडम, ही आकडेवारी कुठाय?” न्यिरोंगोंनी विचारलं.

“खाल्ली, डॉक्टर.”

पुढच्या वेळी तिने नदीतले खडे नेले. खडे टिकले. आणि एक नवल झालं. देवाची कृपा आहे म्हणणाऱ्या त्याच बायका खडे हातात घेतले की गप्प होत, एकेक टाकत जात. बहुतेकींनी पाचही टाकले. मुखियांच्या मावशीने पाच टाकले आणि म्हणाली, “अजून नाहीत का तुझ्याकडे?” दोरिकाला त्या दिवशी घरी परतताना चढ लागला नाही, असा तिचा पाय भराभर चालत होता. हे सगळं सिद्ध झालंच पाहिजे, असं तिला पहिल्यांदाच, नुसत्या खुर्चीसाठी नव्हे, वाटून गेलं.

मग गट पाडायचा दिवस. मडक्यात पांढरा आणि तांबडा घेवडा. पांढरा दाणा निघाला ती गोष्टीत, तांबडा निघाला ती कंट्रोलमध्ये. सगळं कसं पुस्तकाबरहुकूम झालं. तांबडेवाल्या दहा जणी एका बाजूला उभ्या राहिल्या आणि दोरिकाने त्यांना सांगितलं, “तुम्ही कंट्रोल गट. तुम्हाला काहीही करायचं नाही. जूनमध्ये मी येईन.”

“काहीही?” आगोगो एग्रिताने विचारलं. ही बाई पूर्वी मिशनच्या इस्पितळात स्वयंपाकीण होती. उंच, काटक, आणि ‘आगोगो’ म्हणजे आजी म्हणायला जीभ वळू नये असा चेहरा.

“काहीही.”

आणि मग दोरिकाने ते केलं, जे पुढे तिला दोनदा कबूल करावं लागलं. आपल्याकडे दहा बायका उभ्या राहिल्या की तोंडातून जे आपोआप निघतं, तेच तिच्या तोंडून निघालं. “बरं, निरोप कुणाकडे द्यायचा? तुमची अध्यक्षा कोण?”

तिने ‘अध्यक्षा’ म्हटलं आणि तिला काहीच वाटलं नाही. चर्चच्या बायकांची अध्यक्षा असते, मयताला पाणी तापवणाऱ्यांची असते, लग्नात मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळणाऱ्यांची असते. अध्यक्षा नसलेल्या दहा बायका तिने जन्मात पाहिल्या नव्हत्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. “एग्रिता,” कुणीतरी म्हणालं. टाळ्या झाल्या. दोरिकानेही वाजवल्या.

गोष्टींचे गुरुवार सुरू झाले. दोरिका वेळेवर येई. आजीबाईंना दोन ओळींत बसवी, कारण तिला दोन ओळींशिवाय बसवताच येत नसे. दर वेळी चहा, दर वेळी एकेक मंडासी, तळलेला गोड वडा, कुणालाही जास्त नाही, कारण सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे असं पद्धतीत होतं. मग ती गोष्ट वाचून दाखवी. स्वच्छ, खणखणीत. मधे कुणी बोललं तर ती थांबून त्या बाईकडे बघे. शेवटी ती विचारी, “या गोष्टीवरून आपण काय शिकलो?” आजीबाई खाली बघत. एकदा एकीने शेजारणीला हळूच काही सांगितलं आणि दोघी खुसखुसल्या, तेव्हा दोरिकाच्या तोंडून “मागच्या ओळीत काय चाललंय?” असं निघून गेलं. नंतर तिला जरा कसंसं झालं. पण पद्धत ती पद्धत.

मे महिन्याच्या मध्यावर डोंगरावरून धुकं उतरलं आणि बारीक, बोचरी भुरभुर सुरू झाली. त्या धुक्यातून एका सोमवारी ती गावाच्या वरच्या अंगाने येत होती, कारण खालची वाट चिखलाने भरली होती. आणि तिला गाणं ऐकू आलं. आधी वाटलं चर्चच्या बायका. मग शब्द कळले.

“आम्ही कोण? कंट्रोल!
काय करतो? काहीच नाही!
येते कोण जूनमध्ये? टीचर, टीचर!”

एग्रिताच्या परड्यात, पत्र्याच्या छपराखाली, चुलीभोवती दहा बायका बसल्या होत्या. दहाही जणींच्या अंगावर एकाच छापाचं चितेंजे, कमरेला गुंडाळायचं कापड, होतं. निळं, वर पांढऱ्या ठिपक्यांच्या गिनी कोंबड्या. डोक्याला त्याच कापडाचे रुमाल, आणि प्रत्येक रुमालावर पांढऱ्या दोऱ्याने भरलेलं: कंट्रोल. एक जण रताळी सोलत होती, दोघी एकीचे पाय तेलाने चोळत होत्या, बाकीच्या इतक्या हसत होत्या की एकीला ठसका लागला होता.

“ओडी,” दोरिका क्षीण आवाजात म्हणाली.

“टीचर! अगं बाई, टीचर आल्या! जून आला का?”

“नाही. हे... हे काय चाललंय?”

“सभा,” एग्रिता म्हणाली. “तुम्ही अध्यक्षा नेमलीत. आता अध्यक्षेला सभा नको? पहिल्या सभेत मी सांगितलं, त्या गोष्टीवाल्यांना गुरुवार दिलाय, आपल्याला काहीच दिलं नाही, तर काही नाही हे आपण नीट करायचं. नावाला बट्टा लागता कामा नये.”

“काही नाही हे नीट करायचं,” दोरिका म्हणाली.

“हो. आता आठवड्यातून तीनदा करतो.”

दुसऱ्या दिवशी कॉलेजात हे ऐकून न्यिरोंगोंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते अगदी तिसरीतले दिसत होते. “गणवेश?”

“गिनी कोंबड्यांचा.”

“गाणं?”

“तीन कडवी आहेत, डॉक्टर.”

“मॅडम, तो तुलनेचा गट होता! त्या बायका एकट्या राहायला हव्या होत्या! त्यांना अध्यक्षा निवडायला सांगितलं कुणी?”

दोरिका भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर कॅलेंडर होतं. “मी.”

न्यिरोंगो खालच्या आवाजात म्हणाले, “अजून तीन आठवडे आहेत. जाऊन सांगा त्यांना. फक्त तीन आठवडे भेटू नका म्हणावं. निदान शेवटी थोडा तरी फरक दिसेल. नाही तर बाहेरच्या परीक्षकांपुढे मी तुम्हाला वाचवू शकणार नाही.”

सल्ला द्यायला आता कुणी मागे राहिलं नाही. पोस्टातल्या ओळखीने बातमी बाजारात गेली होती. शेजारच्या मायी चिपेटा म्हणाल्या, “माझ्या भाच्याला कॉलेजात ओळख आहे, पण तो भूगोलात आहे.” यजमान संध्याकाळी कंदील पुसत म्हणाले, “एक सांगू? सोपं आहे. नावं बदल.”

“कसली नावं?”

“गटांची. गोष्टीवाल्यांना कंट्रोल लिही, कंट्रोलवाल्यांना गोष्टीवाल्या लिही. निकाल एकदम सुरेख येतो. कोण बघायला येतंय? दोन्हीकडे म्हाताऱ्याच.”

दोरिका रागावली नाही. तेच तिच्याही मनात आलं होतं, आणि ते आल्याची तिला लाज वाटत होती. रात्रभर तिला दोन गट दिसत राहिले. दाणे बदलायचे, तांबड्याचा पांढरा, बस. मुख्याध्यापिकेची खुर्ची, आणि मिस्टर न्खोमांचा चेहरा. तो चेहरा तिने बराच वेळ डोळ्यांपुढे ठेवला, कारण त्यात खरंच समाधान होतं. सकाळी उठून ती म्हणाली, “मी तिसरीच्या पोरांना कॉपी केली म्हणून कोपऱ्यात उभं केलंय हो. ग्रेशमला एकदा त्यासाठीसुद्धा.” आणि छत्री घेऊन वरच्या वाटेने निघाली.

वाटेत तिने वाक्य तयार केलं होतं. ‘आजीबाईंनो, विज्ञानासाठी तीन आठवडे घरी एकेकट्या बसा.’ वाक्य चांगलं होतं. परड्यात पोचल्यावर मात्र ते निघेना. एग्रिताने तिला मधे बसवलं. कुणीतरी तिच्या ओल्या पायांवर ऊबदार कापड टाकलं. हातात पितळी कपात आलं घातलेला चहा आला, त्यात साखर किती हे कुणी मोजलं नव्हतं. मुखियांची मावशी, हीच ती बिनदाताची, आपल्या तरुणपणाची गोष्ट सांगत होती. तिच्या नवऱ्याने लग्नानंतर पहिल्यांदा तिला सायकलवर बसवून नेलं, आणि उतारावर ब्रेक नाहीत हे त्याला उतारावरच कळलं. मधेच सगळ्या बोलत होत्या. कुणीही कुणाकडे थांबून बघत नव्हतं. गोष्टीवरून कुणी काही शिकलं नाही. दोरिकाचं ठसका लागेपर्यंत हसून झालं, तेव्हा कुठे तिला आपण कशाला आलो ते आठवलं.

“मी एक मागायला आले होते,” ती म्हणाली.

“मागा की.”

“कॉलेजचं म्हणणं आहे... तुम्ही तीन आठवडे भेटू नये. घरी राहावं. माझ्या पदवीसाठी.”

चूल फुरफुरली. कुणी रागावलं नाही, तेच वाईट होतं. एग्रिता म्हणाली, “तुमचं काम होणार असेल तर आम्ही राहू, बाळा. आयुष्यभर राहिलोय. तीन आठवडे काय.” आणि मावशी आपला रुमाल डोक्यावरून काढून, घडी घालून, मांडीवर ठेवू लागली. कंट्रोल हा शब्द घडीत गेला.

“नको!” दोरिका इतक्या मोठ्याने ओरडली की कोंबड्या पळाल्या. खऱ्या. “ठेवा तो डोक्यावर! कुणी घरी बसायचं नाही. पदवी गेली... पदवी गेली खड्ड्यात.”

“टीचर, असं बोलू नये,” एग्रिता म्हणाली. “लिहून टाका जे झालं ते.”

जूनमध्ये दोरिकाने खडे नेले. गोष्टीवाल्यांनी पाचाचे चार केले, एक-दोघींनी दया येऊन तीन. कंट्रोलवाल्या बहुतेकींनी एकच खडा टाकला. मावशीने खडे हातात घेऊन बघितले, एकही टाकला नाही आणि म्हणाली, “हे घेऊन जा. आमच्याकडे जागा नाही.” दोरिकाने सगळं होतं तसं लिहिलं. अध्यक्षा, गणवेश, तीन कडवी, दोन ओळी, ‘मागच्या ओळीत काय चाललंय’ सकट. मोजलेल्या मंडासींसकट. न्यिरोंगोंनी वाचलं. लाल पेन हातात घेतलं, परत ठेवलं, आणि म्हणाले, “मॅडम, हे नापास होईल. पण यात मी एकही शब्द बदलणार नाही.” ते पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता तिच्याकडे बघत होते.

तोंडी परीक्षेच्या दिवशी दोरिका वेळेआधीच जाऊन बसली. बाहेरच्या परीक्षक बोत्स्वानाहून आलेल्या प्रोफेसर सेबिना, जाड, ताठ बाई, टेबलावर हातांची घडी. त्यांच्यासमोर प्रबंध, त्यात ठिकठिकाणी कागदाचे कपटे खोचलेले. दोरिकाने ते कपटे मोजायचं टाळलं.

“तुमचं गृहीतक सिद्ध झालं का?”

“नाही, मॅडम.”

“तुमच्या गोष्टींचा परिणाम?”

“थोडा. जवळजवळ नाही.”

“आणि ज्यांना तुम्ही काहीच दिलं नाही, त्यांचा एकटेपणा गेला. मग तुम्हाला कळलं काय?”

दोरिकाने पाठ केलेलं उत्तर सोडून दिलं. “मॅडम, मला वाटत होतं की एकटेपणावरचं औषध म्हणजे मी. पुस्तक घेऊन आलेली, वेळेवर. त्यांना गोष्ट नको होती, त्यांना सांगायची होती. एकत्र यायला निमित्त लागतं, नाव लागतं, कुणीतरी मोजतंय एवढं कळावं लागतं. ते सगळं मी कंट्रोल गटाला दिलं आणि वर म्हटलं की काहीच देत नाही. आणि गोष्टीवाल्यांना सगळं दिलं, फक्त त्यांच्या हातात काही ठेवलं नाही.”

प्रोफेसर सेबिनांनी एक कपटा काढला. “हे पान. ‘तुमची अध्यक्षा कोण.’ हे का विचारलंत?”

“तोंडातून गेलं.”

“हं.” सेबिनांनी पानावरून बोट फिरवलं. “माझ्याही तोंडातून गेलं असतं. माझ्या आईच्या मंडळाचं कापड हिरवं होतं. आम्ही परदेशातनं आणलेली पद्धत वापरतो आणि मग तोंडातून काय गेलं ते खोडून टाकतो. तुम्ही खोडलं नाही.”

इतक्यात बाहेर आवाज उठला. खिडकीखालच्या हिरवळीवर धुक्यातून निळं काहीतरी चालत येत होतं. आपल्या माणसाची परीक्षा असते तेव्हा त्याला एकटं सोडायचं नसतं, इस्पितळात नाही, कोर्टात नाही, तर मग कॉलेजात का? सगळ्या बायका आल्या होत्या. दहा नव्हे, वीस. गोष्टीवाल्यांनी गेल्या आठवड्यात दुकानातलं उरलेलं गिनी कोंबड्यांचं कापड उचललं होतं. त्यांचं म्हणणं असं की त्या कंट्रोलवाल्यांवर रागावल्या आहेत आणि म्हणून त्यांच्यात जात आहेत. त्या हिरवळीवर बसल्या, पाय पसरले, आणि परीक्षा सुरू आहे की संपली याची पर्वा न करता आनंदाच्या आरोळ्या द्यायला लागल्या.

प्रोफेसर सेबिना उठून खिडकीशी गेल्या. न्यिरोंगो त्यांच्या मागे. “यातल्या कंट्रोल कोणत्या?” सेबिनांनी विचारलं.

दोरिकाने चष्मा सारखा करून पाहिलं. एकच निळा, तेच रुमाल. गोष्टीवाल्यांपैकी एक जण एग्रिताच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती, की ती कंट्रोलवाली होती? “मला नाही सांगता येत, मॅडम.”

“तुमचीच पाहणी आहे.”

“होती.”

प्रोफेसर सेबिना परत टेबलाशी येऊन बसल्या आणि पेनाचं टोपण काढलं. “कंट्रोल गटाचं प्रकरण शेवटून काढून पहिलं घाला. गोष्टींचं मागे न्या, थोडक्यात. आणि तो गाण्याचा भाग परिशिष्टातून मजकुरात आणा, तिन्ही कडवी. जूनअखेरच्या आत. डॉक्टर न्यिरोंगो, एवढ्या दुरुस्त्या झाल्या की माझी सही आहे.”

न्यिरोंगोंनी “म्हणजे...” म्हटलं आणि लाल पेनाने दुरुस्त्या उतरवून घेतल्या.

दोरिका जिन्याने खाली आली. हिरवळीवर पाय ठेवताच वीसही जणी उठल्या. यजमान एका कडेला उभे होते, छत्री मिटलेली, आणि ती उघडायचं विसरून भिजत होते. आगोगो एग्रिता सगळ्यांच्या पुढे आली, अध्यक्षेने यावं तशी, हात जोडून, गुडघ्यात किंचित वाकून, आणि भीती लपवत म्हणाली,

“काय झालं, टीचर? आम्ही पास झालो ना?”